मैत्रीची पारख

आईबाप, भावंडे, आप्तेष्ट ही माणसाला जन्माबरोबर मिळतात. मित्र मात्र त्याला स्वतः जोडावा लागतो. दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत मुलाचे जग बहुतेक घरापुरतेच असते. त्यानंतर ते हळूहळू घराबाहेर पसरू लागते. शाळेचा रस्ता, मधली सुट्टी, खेळाचे मैदान या ठिकाणी भेटणाऱ्या सोबत्यांचे मत त्याला घरातील माणसांच्या मताइतकेच, कधी कधी त्याहूनही अधिक मोलाचे वाटू लागते. यात वावगे काही नाही. मोठे होण्याची ती एक स्वाभाविक पायरीच आहे. परंतु ज्याच्या मताला आपण इतके मोल देतो, तो कोण आहे व त्याच्या सहवासात आपले काय होत आहे, हे पाहण्याची दृष्टीही याच वयात यावी लागते.

बाजारात साधे मडके घेतानासुद्धा गृहिणी ते वाजवून पाहते. खणखणीत नाद आला तरच ते घेते. मित्र ही काही विकत घेण्याची वस्तू नव्हे आणि त्याला अशा रीतीने वाजवून पाहणेही योग्य नव्हे. तरीसुद्धा प्रत्येक मैत्रीचा एक नाद असतो आणि लक्ष देणाऱ्या कानाला तो ऐकू येतो.

मैत्रीचा विचार फार प्राचीन काळापासून झालेला आहे. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशात होऊन गेलेला तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने नीतिशास्त्रावर दहा भागांचा एक ग्रंथ रचला. त्यांपैकी दोन भाग त्याने केवळ मैत्रीच्या विवेचनासाठी खर्ची घातले आहेत. त्याच्या मते मैत्री तीन प्रकारची असते. पहिली उपयोगावर उभी असते. शेजारच्या बाकावरच्या मुलाजवळ गणिताची वही असते, म्हणून त्याच्याशी बोलणे होते. दुसरी आनंदावर उभी असते. एखादा सोबती उत्तम नकला करतो, चेंडू चांगला टाकतो, म्हणून त्याची संगत हवीहवीशी वाटते. तिसरी एकमेकांच्या सद्गुणांवर उभी असते. अशा मैत्रीत मित्राचे भले व्हावे, असे मनापासून वाटते आणि ते त्याच्यासाठीच वाटते, स्वतःच्या लाभासाठी नव्हे. पहिल्या दोन प्रकारांची मैत्री वाईट असते असे नाही. मात्र उपयोग संपला किंवा मौज ओसरली म्हणजे ती सहसा संपते. तिसरी मैत्री जुळण्यास वेळ लागतो, पण ती टिकते. पुष्कळ मुलांना मैत्रीत जे दुःख सोसावे लागते, त्याचे कारण हेच असते की, पहिल्या प्रकारच्या मैत्रीला ती तिसऱ्या प्रकारची समजून बसतात.

आपल्याकडे पंचतंत्रातही मैत्रीला मोठे स्थान मिळाले आहे. त्यातील पाच तंत्रांपैकी पहिल्याचे नाव ‘मित्रभेद’ व दुसऱ्याचे ‘मित्रसंप्राप्ती’ असे आहे. मैत्री कशी तुटते हे पहिले सांगते, ती कशी जोडावी हे दुसरे सांगते. पहिल्या तंत्रात पिंगलक नावाचा सिंह व संजीवक नावाचा बैल यांची गाढ मैत्री असते. दमनक नावाच्या कोल्ह्याला ती सहन होत नाही. तो सिंहाकडे जाऊन म्हणतो की, बैल तुझ्यावर उठणार आहे. बैलाकडे जाऊन म्हणतो की, सिंह तुला मारणार आहे. दोघेही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात. ‘तू असे खरोखरच ठरवले आहेस काय?’ हा एक प्रश्न दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला विचारत नाही. शेवटी सिंहाच्या हातून बैल मारला जातो. दमनकाची लबाडी या नाशाला कारण झाली हे खरे; पण दोन मित्रांचा अबोला तिच्या मदतीला आला नसता, तर ती एकटी काय करू शकली असती?

दुसऱ्या तंत्रात कावळा, उंदीर, कासव व हरिण असे चार मित्र आहेत. कावळा मैत्रीची याचना करीत प्रथम येतो, तेव्हा उंदीर बिळातून बाहेर येण्यास तयार होत नाही. कावळा उंदराला खातो, हे त्याला ठाऊक असते. हळूहळू, अनुभवाने, त्याचा विश्वास बसत जातो. पुढे हरिण पारध्याच्या जाळ्यात सापडते. कावळा उंचावरून त्याचा शोध लावतो, उंदराला पाठीवर घेऊन येतो आणि उंदीर जाळे कुरतडतो. मित्राच्या काळजीने हळूहळू चालत आलेले कासव पारध्याच्या हाती लागते, तेव्हा हरिण मेल्याचे सोंग घेऊन पारध्याला भुलवते व कासवाची सुटका होते. या चौघांत रूप, बळ, चाल यांपैकी काहीही सारखे नाही. खऱ्या मैत्रीसाठी सर्वांनी एकसारखे असावे लागत नाही, आणि विश्वास हा एका दिवसात मागून मिळत नाही, या दोन्ही गोष्टी ही कथा सहज सांगून जाते.

या झाल्या कथा. आता एक घडलेली हकीकत पाहण्यासारखी आहे. महात्मा गांधींनी आपली आत्मकथा लिहिली, ती १९२५ सालापासून ‘नवजीवन’ या साप्ताहिकात क्रमाने प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी राजकोट येथील शाळकरी वयातील एका मैत्रीचा वृत्तांत कोणताही आडपडदा न ठेवता सांगितला आहे. त्या मित्राचे नाव मात्र त्यांनी तेथे दिलेले नाही.

हा मित्र मूळचा त्यांच्या वडील बंधूंचा वर्गसोबती होता. तो धिप्पाड होता. त्याला दूरवर धावता येई, उंच उडी मारता येई, आणि आपण जिवंत साप हाती धरतो, असे तो सांगे. लहानगा मोहनदास त्या वेळी अत्यंत भित्रा होता. चोर, भुते आणि साप यांच्या भीतीने त्याला दिव्यावाचून झोप येत नसे. आपल्याजवळ जे नाही ते दुसऱ्याजवळ दिसले की मन त्याच्याकडे ओढले जाते. मोहनदासाचेही तसेच झाले. आई, थोरले बंधू आणि पत्नी कस्तुरबा या सर्वांनी त्याला सावध केले. मोहनदासाने उत्तर दिले की, त्याचे दोष मला माहीत आहेत. तो मला बिघडवू शकणार नाही. उलट मीच त्याला सुधारीन.

घडले ते याच्या उलट. मांस खाल्ल्याने शरीर बलवान होते, इंग्रज मांस खातात म्हणूनच राज्य करतात, असे तो मित्र पुनःपुन्हा सांगू लागला. गांधींचे घराणे वैष्णव. घरात मांसाला स्पर्शही होत नसे. अखेरीस नदीकाठच्या एका एकांत जागी जाऊन मोहनदासाने मांस खाल्ले. त्या रात्री त्याला झोप आली नाही. पोटात जिवंत बोकड ओरडत आहे, असे त्याला वाटत राहिले. तरीही सुमारे वर्षभराच्या काळात असे पाचसहा प्रसंग घडले. तसे घडले त्या दिवशी घरी जेवण जात नसे. आई विचारी, तेव्हा ‘आज भूक नाही’ असे खोटे सांगावे लागे.

माणसाने काय खावे हा येथील प्रश्न नव्हे. निरनिराळ्या घरांचा आहार निरनिराळा असतो. मोहनदासाला बोचले ते हे की, या मैत्रीसाठी आईशी खोटे बोलावे लागत होते. आईबापांना फसवणे हे मांस न खाण्यापेक्षा अधिक वाईट आहे, असे त्याच्या मनाने घेतले. मोठे झाल्यावर, स्वतंत्र झाल्यावर काय ते पाहू, असे ठरवून त्याने मित्राला स्पष्ट नकार दिला. मैत्री मात्र तेवढ्याने सुटली नाही. याच मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी कस्तुरबांविषयी संशय घेतला व त्यांना दुःख दिले. त्याबद्दल आपण स्वतःला कधीही क्षमा करू शकलो नाही, असे गांधींनी पुढे नमूद करून ठेवले आहे. दुसऱ्याला सुधारण्याच्या हेतूने त्याच्याशी अतिनिकट सख्य करू नये, कारण माणूस दुसऱ्याचे गुण उचलण्यापेक्षा दोष अधिक सहजपणे उचलतो, हा निष्कर्ष त्यांनी त्या अनुभवातून काढला.

या हकीकतीतून अपायकारक मैत्रीच्या काही खुणा स्पष्ट दिसतात. पहिली खूण अशी की, त्या मैत्रीसाठी घरच्यांपासून काही लपवावे लागते. दुसरी अशी की, आपल्या उणिवेवर बोट ठेवून मित्र आपल्याकडून हवे ते करवून घेतो. तिसरी अशी की, ज्यांना आपली खरी काळजी आहे त्यांच्यापासून तो आपल्याला हळूहळू तोडतो. या खुणा राजकोटच्या त्या काळाच्याच आहेत असे नाही. त्या आजही जशाच्या तशा आढळतात. ‘तू तिच्याशी बोललीस तर माझी तुझ्याशी कट्टी’ असे सांगणारी मैत्रीण, ‘एवढे सुद्धा करीत नाहीस? भित्रा कुठला!’ असे डिवचणारा सोबती, चारचौघांत लागेल असे टोपणनाव ठेवून वर ‘गंमत केली’ म्हणणारा गडी, विश्वासाने सांगितलेली गोष्ट मोबाइलवरून वर्गभर पसरविणारा मित्र, ही सारी त्याच खुणांची नवी रूपे होत.

येथे एक शंका उत्पन्न होते. मुलांना हे सारे कळत असूनही ती ‘नाही’ असे का म्हणू शकत नाहीत? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश याने १९५१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. त्याने महाविद्यालयातील काही तरुणांना एकत्र बसवून एक रेघ दाखविली व शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याइतकी लांब कोणती, असे विचारले. उत्तर इतके उघड होते की, एकट्या माणसाची त्यात क्वचितच चूक होई. परंतु त्या गटातील एकाखेरीज बाकीचे सर्व आधीच पढविलेले होते आणि ठरल्याप्रमाणे मधूनमधून तेच चुकीचे उत्तर देत. प्रयोगाची कल्पना नसलेल्या त्या एकट्याची पाळी शेवटी शेवटी येई. अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटाच्या ओढीने चुकीची आली, आणि दर चौघांपैकी सुमारे तिघांनी एकदा तरी आपल्या डोळ्यांना दिसणारे सत्य सोडून इतरांची री ओढली.

प्रौढत्वाला टेकलेल्या तरुणांची ही स्थिती, तर बारा वर्षांच्या मुलाला मित्रमंडळींपुढे एकट्याने नकार देणे अवघड वाटले तर त्यात नवल ते काय? हा त्याचा भ्याडपणा नव्हे. समूहात राहू इच्छिणाऱ्या प्रत्येक माणसाचा तो स्वभाव आहे. पण त्याच प्रयोगातील पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ॲशने गटात खरे उत्तर देणारा आणखी केवळ एक माणूस ठेवला, तेव्हा चुकीच्या उत्तरांचे प्रमाण एक तृतीयांशावरून सुमारे एकविसांशावर आले. बहुमत अजूनही चुकीच्याच बाजूला होते. तरी सत्याच्या बाजूला एक सोबती मिळताच माणसाला बळ आले. यावरून चांगल्या मित्राचे एक मोठे कार्य ध्यानात येते. सारे जण एखाद्या मुलाची टर उडवीत असताना ‘हे बरोबर नाही’ असे म्हणणारा एक जण निघाला, तर दुसऱ्यालाही तसे म्हणण्याचे धैर्य येते.

चांगल्या मैत्रीत भांडण होतच नाही, असे मात्र समजू नये. लोकमान्य टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांची मैत्री पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जुळली. देशसेवेसाठी शिक्षणकार्याला वाहून घेण्याचा निश्चय दोघांनी तेथेच केला. ‘केसरी’ पत्र १८८१ साली निघाले, तेव्हा आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूर संस्थानाच्या कारभारासंबंधी छापलेल्या मजकुरावरून १८८२ साली खटला होऊन दोघांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एकशे एक दिवस बरोबरच काढले. पुढे आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय हक्क, या प्रश्नावर त्यांचे तीव्र मतभेद झाले. आगरकरांनी १८८७ साली ‘केसरी’ सोडला व १८८८ साली ‘सुधारक’ काढला. दोघांनी एकमेकांच्या मतांवर कठोर टीका केली आणि मने दुखावली गेली. तथापि १८९५ साली आगरकरांचे अकाली निधन झाले, तेव्हा ‘केसरी’त टिळकांनी स्वतः मृत्युलेख लिहून आपल्या जुन्या सहकाऱ्याच्या गुणांचा गौरव केला. मतभेद ही वाईट मैत्रीची खूण नव्हे. एकमेकांशी स्पष्ट बोलता येणे, हे तर चांगल्या मैत्रीचेच लक्षण आहे. प्रतिपक्षाचा मान राखून भांडता आले पाहिजे, इतकेच.

निरोगी मैत्री ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. अशा मित्राजवळ आपण जसे असतो तसे राहू शकतो. काही तरी असल्याचे सोंग आणावे लागत नाही. आपल्या यशाने त्याला आनंद होतो. आपले चुकले तर तो एकांतात सांगतो. चारचौघांत हसे करीत नाही. त्याला दुसरेही मित्र असतात, आणि आपल्यालाही दुसरे मित्र असण्याला त्याची हरकत नसते. कधी तो मदत करतो, कधी आपण करतो. देणे सदा एकाच बाजूला राहत नाही. त्याच्या भेटीनंतर मन हलके व प्रसन्न वाटते. उलट एखाद्या सोबत्याला भेटून आल्यावर दर वेळी मन भीतीने किंवा लाजेने भरून येत असेल, त्याला राग येऊ नये म्हणून प्रत्येक शब्द तोलूनमापून बोलावा लागत असेल, तर त्या मैत्रीकडे नीट पाहण्याची वेळ आली आहे, असे समजावे.

सर्वांत सोपी कसोटी म्हणजे लहानसा नकार. ‘आज मी माझा गृहपाठ उतरवून देणार नाही, हवे तर तुला तो समजावून देईन,’ असे शांतपणे सांगून पाहावे. खरा मित्र क्षणभर हिरमुसला, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारतो. ज्याचे नाते केवळ वहीशी होते, तो वहीबरोबरच निघून जातो. असे झाले तर वाईट वाटतेच; पण जे गेले ते काय होते, हेही त्यातून कळते.

मैत्रीत काही खुपत असेल, तर पहिला उपाय म्हणजे बोलणे. ‘तू मला त्या नावाने हाक मारतोस, ते मला लागते’ असे सरळ सांगावे. पुष्कळदा समोरच्याला आपण दुखावतो आहोत याची जाणीवच नसते; सांगितल्यावर तो सुधारतो आणि मैत्री अधिक घट्ट होते. सांगूनही तेच चालू राहिले, तर हळूहळू दूर व्हावे. त्यासाठी त्याचा द्वेष करण्याचे किंवा त्याची निंदा करीत फिरण्याचे कारण नाही. मैत्री वाईट असली म्हणून माणूस कायमचा वाईट ठरत नाही. दूर झाल्यावर काही दिवस एकटेपणा वाटेल. मधल्या सुट्टीत कोणाजवळ बसावे, हा प्रश्न लहान नव्हे. परंतु वर्गात असा दुसराही कोणी मुलगा असतो, जो रोज एकटाच डबा उघडतो. त्याच्या शेजारी जाऊन बसल्याने दोघांचाही प्रश्न सुटण्याचा संभव असतो.

काही प्रसंगी मात्र स्वतःपुरते ठेवणे धोक्याचे असते. सोबती धमकी देत असेल, मारीत असेल, पैसे किंवा वस्तू आणण्यास भाग पाडीत असेल, व्यसनाची ओढ लावीत असेल, किंवा ‘हे कोणालाही सांगू नकोस’ म्हणून भीती वाटेल असे गुपित लादीत असेल, तर ते विश्वासातल्या मोठ्या माणसाला तत्काळ सांगितले पाहिजे. आईच्या वाढदिवसाची भेट लपवून ठेवणे, हे आनंदाचे गुपित. ते काही दिवसांनी आपोआप उघड होते. ज्या गुपिताने झोप उडते, ते पाळण्याचे बंधन कोणावरही नाही. ते सांगणे ही चहाडी नव्हे. घरात किंवा शाळेत सांगण्यासारखे कोणी नसेल, तर भारतात मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर बोलण्यास पैसे पडत नाहीत.

ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण लागला नाही, तरी गुण लागतो, अशी एक जुनी म्हण आहे. तिच्यात तथ्य आहे. परंतु बैलाला कोणत्या दावणीला बांधावे, हे धनी ठरवितो; मनुष्य आपली संगत स्वतः ठरवू शकतो. आणि गुण लागतो तो दोन्ही बाजूंनी. म्हणूनच ‘मला कसा मित्र मिळाला?’ या प्रश्नाबरोबर ‘मी कसा मित्र आहे?’ हा प्रश्नही ज्याने त्याने स्वतःस विचारावयास हवा. आपल्या गंमतीने कोणाचे मन तर दुखावत नाही ना, आपल्याजवळ सांगितलेली गोष्ट आपल्याजवळच राहते ना, दुसऱ्याचा नकार आपण खिलाडूपणे ऐकतो ना, हे जो पाहतो, त्याला चांगले मित्र शोधीत फार दूर जावे लागत नाही. तेच त्याच्याजवळ येतात.